चार मीटरचा खांब

दुसऱ्यांचा कोड वाचताना बुरुलला खरोखर मळमळायचं. नारीन या डोंगरी शहराच्या हवामान केंद्रात खिडकीपाशी तिचं टेबल होतं, टेबलावर सुक्या जर्दाळूंची वाटी. वाचता वाचता शिसारी आली की ती एक जर्दाळू तोंडात टाकायची आणि चघळत चघळत शिव्या घालायची. "ह्याच्या आईने ह्याला हाताने जेवायला शिकवलं, त्याच हाताने लिहायला कोण शिकवून गेलं?" केंद्रातल्या बाकीच्यांना सवय झाली होती. जर्दाळू संपत आले की आज कुठलं तरी पॅकेज, म्हणजे दुसऱ्याने लिहिलेला तयार कोड, बदललंय हे सगळ्यांना कळायचं.

तिचं स्वतःचं पॅकेज होतं कुर्त्कू. वाऱ्याने साचलेल्या बर्फाच्या ढिगाला तिकडे कुर्त्कू म्हणतात. घाटांतल्या खांबांवर बसवलेल्या यंत्रांकडून आकडे घ्यायचे आणि कुठे किती बर्फ साचलाय ते रस्तेवाल्यांच्या फोनवर दाखवायचं, एवढंच त्याचं काम. कुणीही फुकट घ्यावं, वाचावं, बदलावं म्हणून तिने ते उघड्यावर ठेवलेलं. नॉर्वेपासून चिलीपर्यंत लोक ते वापरत आणि फुकट मिळालेल्या गोष्टीबद्दल माणसं जशी हक्काने कुरकुरतात तशी कुरकुरत.

कुर्त्कू एकट्याच्या पायांवर उभं नव्हतं. तारीख एकाकडून, नकाशा दुसऱ्याकडून, असं तीस परक्या पॅकेजांच्या खांद्यावर ते बसलं होतं. आणि हे खांदेकरी काय लायकीचे असतात ते बुरुलने पुरतं पाहिलं होतं. एक जण लग्न करून गायब झाला, सहा वर्षं पत्ता नाही. एकाने आपलं पॅकेज जाहिरातवाल्यांना विकलं, आणि बर्फाच्या आकड्यांशेजारी गादीची जाहिरात झळकली. एकाने कुणावर तरी रुसून स्वतःचंच पॅकेज मुद्दाम मोडलं. म्हणून तिने प्रत्येकाला एका आवृत्तीवर खिळा ठोकून बसवलं होतं. नवी आवृत्ती आली की ती ओळ न् ओळ वाचायची, नाक मुरडायची, मगच आत घ्यायची. जे अगदीच कुजलं ते काढून टाकून स्वतः लिहायची. चार-चार रविवार जायचे, पण घाण बाहेर गेल्याचं समाधान मोठं.

एकाच पॅकेजला खिळा नव्हता. ते मुकाश आगायचं होतं.

आगाय म्हणजे गुरुजी. त्यांनी बुरुलला शाळेत गणित शिकवलं होतं. निवृत्त झाल्यावर घरी बसून मेंढ्यांच्या गप्पा मारायच्या सोडून म्हातारा कोड शिकला, आणि खांबावरच्या त्या जुनाट यंत्राची भाषा वाचणारं पॅकेज लिहून बसला. दुसरं कुणाकडेच तसलं नव्हतं. नऊ वर्षांपूर्वी बुरुलने ते घेतलं आणि पहिल्याच आठवड्यात तिला चूक सापडली. खांब चार मीटरचा. यंत्र वर बसून खाली बर्फापर्यंतचं अंतर मोजतं. ते अंतर चारातून वजा केलं की बर्फाची खोली मिळते. आगाय वजा करायलाच विसरले होते. अंतरालाच ते खोली म्हणत होते.

ती सांगायला गेली, तर नेमका त्यांच्या पासष्टीचा दिवस. अंगणात पन्नास माणसं. मेंढीचं डोकं मानाने आगायपुढे ठेवलेलं. त्यांनी रीतीप्रमाणे त्याचा कान कापून पोरांना दिला आणि म्हणाले, "लोक मेंढ्या मोजतात, मी बर्फ मोजतो! आणि माझा हिशेब ही बुरुल वापरते!" सगळे हसले, शाबास शाबास झालं. बुरुलच्या हातात चहाची किटली होती. ज्यांनी बसावं असं वाटतं त्यांच्या वाटीत तिकडे दोनच घोट ओततात, पुन्हा पुन्हा. भरलेली वाटी म्हणजे उठा आता. तिने आगायच्या वाटीत दोन घोट ओतले, आणि जिभेवर आलेलं गिळून घरी आली.

पन्नास माणसांदेखत थोरल्याची चूक कोण काढेल? नंतर एकटे असताना काढता आली असती, पण ते नंतर काही आलं नाही. तिने कुर्त्कूमध्ये गुपचूप एक ओळ घातली: आगाय जे देतील ते चारातून वजा कर. झालं, आकडे बरोबर. आगायची फाइल मात्र तिने पुन्हा कधी उघडली नाही. पाल पडलेल्या दुधाकडे आपण दुसऱ्यांदा बघत नाही, तसं. नवी आवृत्ती आली की न बघता आत. त्याला ती मनातल्या मनात आदर म्हणायची.

यंदा फेब्रुवारीत, बुधवारी सकाळी नऊला, आक-बेल घाटात बर्फ सारणारे म्हातारे सागीन-आके यांचा फोन आला; आके म्हणजे थोरला भाऊ.

"बुरुल, तुझं यंत्र प्यायलंय का गं?"

"सकाळी सकाळी काय झालं, आके?"

"फोनवर सत्तर सेंटिमीटर दाखवतंय. तेवढं बघून रस्तेवाल्यांनी फाटक उघडलं. इथे खांब फक्त माझ्या मांडीएवढा वर राहिलाय. बर्फ मोजायचा सोडून तुझं यंत्र उरलेला खांब मोजतंय!"

आके थट्टेत बोलले, पण बुरुलने मनात वजाबाकी केली. उरलेला खांब सत्तर. म्हणजे बर्फ तीन मीटर तीस, आणि वरचा उतार तितकाच भरलेला, कधीही कोसळेल असा.

"फाटकातून कोण गेलंय?"

"एक मिनीबस. लग्नाचं वऱ्हाड, गात गेलं."

"आके, त्यांना मागे आणा. हॉर्न वाजवा, शिव्या घाला, काहीही करा."

"शिव्या घालायच्यात? मग मी उडत जातो," असं म्हणून सागीन-आके आपला सारणगाडा घेऊन त्याच उताराखाली गेले.

तिने फोन लावला, तर रस्ते खात्याचा साहेब म्हणाला, "लेखी पाठवा, बघतो." बुरुलने त्याला जे ऐकवलं ते लेखी पाठवता आलं नसतं. फाटक बंद झालं. मग आकेंचा फोन येईपर्यंत करण्यासारखं काही उरलं नाही, तेव्हा तिने नऊ वर्षांनी आगायची फाइल उघडली.

फाइल स्वच्छ होती, पुसलेल्या फळ्यासारखी. म्हाताऱ्याने वर्षानुवर्षं बसून एकेक ओळ घासली होती. आणि सगळ्यांत वर, शनिवारची तारीख घालून लिहिलं होतं: "माझी चूक होती. मी अंतराला खोली म्हणत होतो. आज दुरुस्त केली. कुणी आपल्या बाजूने उलटी वजाबाकी घातली असेल तर ती ताबडतोब काढा, नाहीतर बर्फ वाढेल तसा कमी दिसेल. मुकाश."

रविवारी बर्फ दोन मीटर होता. चारातून दोन गेले तरी दोनच उरतात, म्हणून कुणाला काही कळलं नाही. सोमवार-मंगळवार वादळ झालं, बर्फ चढत गेला, आकडा उतरत गेला. मंगळवारी बुरुलने तो पाहिलाही होता. बर्फ वाऱ्याने उडवला असेल, असं म्हणून तिने जर्दाळू खाल्ला होता. आता तिला मळमळलं ते स्वतःचं, आणि त्यावर जर्दाळू चालेना.

अकराला आकेंचा फोन आला. वऱ्हाड खाली आलं होतं, नवरीची मावशी त्यांना शाप देत होती. दुपारी दोनला उतारावरचा बर्फ कोसळला आणि रस्ता भरून गेला. "खांबही गेला," आके म्हणाले. "आता मोज काय मोजायचं ते."

बुरुलने ती ओळ काढली. नॉर्वे, चिली, सगळ्यांना वाचता येईल असं उघड लिहिलं की चूक मला नऊ वर्षं माहीत होती, मी ती झाकली, दुरुस्ती आली तेव्हा मी वाचली नाही. लिहिताना शब्दाशब्दाला तिला स्वतःची किळस आली, पण एकही शब्द मऊ केला नाही. संध्याकाळी ती आगायकडे गेली.

म्हातारा एकटाच होता. त्याने तिला बसायला गादी दिली, बोरसोक, म्हणजे पिठाचे तळलेले गोळे, आणि साय पुढे ठेवली.

"तू लिहिलेलं वाचलं मी," आगाय म्हणाले.

"आगाय, मला वाटलं तुम्हाला लागेल."

"लागेल? चाळीस वर्षं मी फळ्यापाशी उभा होतो, पोरी. माझं चुकलं की पहिल्या बाकावरून कोण ओरडायचं? तूच. दोन वेण्या होत्या तुला, आणि भीड नव्हती."

बुरुलने मान खाली घातली.

"नऊ वर्षं मी भेटेल त्याला सांगत होतो," आगाय हळू म्हणाले. "बुरुल जगातल्या सगळ्यांचं तपासून घेते, माझं तेवढं न तपासता घेते. मला वाटायचं, विश्वास आहे पोरीचा."

तिने हातातला बोरसोक खाली ठेवला.

आगायनी किटली उचलली. तिच्या वाटीत चहा ओतू लागले. दोन घोट झाले, हात थांबला नाही. अर्धी झाली, पाऊण झाली. अगदी काठाला लागेपर्यंत त्यांनी ओतलं, मग वाटी दोन्ही हातांनी, एक थेंबही न सांडता, तिच्यापुढे ठेवली.

तिने ती गरम गरमच संपवली आणि उठली.