शेवटच्या कडव्यातलं नाव

रूपराव माझा जुना मित्र आहे, पण हे लिहिताना मी त्याची गय करणार नाही. माझीही नाही.

हिंगणीच्या रूपराव आणि आनंदाबाई या भावाबहिणीच्या भजनाला मी सव्वीस वर्षं पेटी धरली. सिंदी मेघेत माझं कटलरीचं दुकान. भजनाचं बोलावणं आलं की शटर खाली. रूपराव खंजिरी वाजवत पुढे गायचा आणि आनंदाबाई मागे बसून झील धरायची, म्हणजे त्याची ओळ उचलून पुन्हा म्हणायची. दिसायला दुय्यम काम, पण पुढच्याचा दम संपतो नेमका तिथेच मागच्याचा लागावा लागतो. या दोघांचा सांधा कुठे आहे, ते मला पेटीवर बसूनही कधी कळलं नाही.

आता खरं सांगतो. ती भजनं आनंदाबाई बांधायची. दुसरीत शाळा सुटलेली बाई, तूर निवडता निवडता ओळी जुळवायची आणि भावाच्या तोंडी घालायची. आमच्याकडे भजनाच्या शेवटच्या कडव्यात रचणाऱ्याचं नाव येतं. त्यावरून भजन कुणाचं ते ठरतं. पहिलं भजन झालं तेव्हा तिचा नवरा नुकताच वारला होता, पंचविशीत ती माहेरी परत आली होती. "बाईचं नाव भर मंडपात कोण घेते दादा? तुह्यंच घाल," असं तीच म्हणाली. रूपरावनं घातलं. आढेवेढे म्हणून घेतले नाहीत. दुसऱ्या भजनाला त्यानं विचारलंही नाही.

त्यातलं एक भजन फार चाललं. "तूर निवडता खडा लागला, त्याले देव मी म्हणू का?" अशी सुरुवात, आणि शेवटी, "रूपा म्हणे, जे माझं नाही, त्याले माझं म्हणू का?" या ओळीला मंडप डोलायचा आणि रूपराव हात जोडून दाद घ्यायचा. जनाची नाही तर मनाची तरी! पण पेटीवाल्यालाही ती कुठे होती? ओळ मुळात 'आनंदी'च्या मापानं बांधलेली. 'रूपा' तिथे कमी पडायचा, म्हणून तो 'रू'वर लांब हेल काढायचा. लोकांना तो हेलच आवडायचा.

अकरा वर्षांपूर्वी आष्टीला भजनाची स्पर्धा होती. तोवर आनंदाबाई पन्नाशीला आलेली. जाताना गाडीत ती भावाला म्हणाली, "दादा, आता सांगून टाक लोकाईले. आता मले कोण काय म्हणते?" रूपराव म्हणाला, "सांगतो ना." भजन रंगलं. परीक्षकांतले एक म्हातारे गुरुजी माईकवर म्हणाले, "शेवटची ओळ फार मोठी आहे. बांधली कोणी?"

रूपरावनं एकदा बहिणीकडे पाहिलं, एकदा समोरच्या गर्दीकडे. आणि म्हणाला, "मीच जी."

गुरुजींनी सहज माझ्याकडे पाहिलं. मी पेटीचा भाता ठीक करण्यात गुंतलो. त्याला काही झालेलं नव्हतं. आनंदाबाईनं टाळ खाली ठेवले, चप्पल घातली आणि एकटीच बसनं निघून गेली.

त्यानंतर दोघांनी एकमेकांचं तोंड पाहिलं नाही. ती सिंदी मेघेत खोली घेऊन राहिली. सकाळ-संध्याकाळ मुलींच्या मेसमध्ये पोळ्या लाटायची आणि कुणाच्या घरी तेरवी असली की तिथे संतांचे अभंग म्हणायची. स्वतःचं भजन तिनं पुन्हा बांधलं नाही. "सुचत नाई का?" असं एकदा विचारलं तर म्हणाली, "सुचते. येऊन राह्यलं तसं जाऊ देतो." बोलताना पोळी लाटणं थांबलं नव्हतं.

इकडे रूपराव जागरण पार्टीत शिरला. चमकता कुर्ता, सिनेमाच्या चाली, मोठाले स्पीकर. झील धरायला चार पोरं होती, पण त्याचा दम संपला की मध्ये भोक पडायचं. ते भोक त्यालाही ऐकू यायचं. मग खर्रा वाढला. सुपारी, तंबाखू आणि चुना पन्नीत घोटून खायचं हे विदर्भाचं खास व्यसन. त्यानं गळा गरम राहतो, आवाज मोकळा होतो, असं आमच्या गाणाऱ्यांच्या डोक्यात कुणी भरवलं कोण जाणे. हा दिवसाला पंधरा पुड्या खायचा. मी बोललो तर म्हणायचा, "गळ्याची दवाई आहे बे."

तोंड मिटत गेलं. माणसाच्या तोंडात तीन बोटं उभी जायला हवीत. याच्या तोंडात एक जाईना. यंदा गालात गाठ निघाली. डॉक्टरांनी सांगितलं, जबडा काढावा लागेल, जिभेचाही बराच भाग जाईल. जगेल, पण बोलणार नाही.

त्याची मुलगी समीक्षा माझ्या दुकानात येऊन रडली. "काका, बाबा जेवत नाई. आत्याले घेऊन या म्हणते फक्त."

मी आनंदाबाईकडे गेलो. तिनं सगळं ऐकून घेतलं, पदरानं डोळे पुसले, आणि तरीही ठामपणे म्हणाली, "घरी येऊन माफी नोको मले धनंजयभाऊ. आष्टीत म्हणलं होतं, आष्टीतच म्हणावं. मायकवर. मंग मी त्याची सेवा करतो जन्मभर." तिचा मला रागही आला आणि तिचं बरोबर आहे हेही कळलं. जीभ जायच्या आत तिला तिचं नाव हवं होतं. एवढंच तर मागत होती.

ऑपरेशन बुधवारी होतं. त्याआधीच्या रविवारी आष्टीला स्पर्धा होती. मी संयोजकांच्या हातापाया पडून पाच मिनिटं मागून घेतली. रूपराव मला गाडीत म्हणाला, "बोललो त कोणाले समजत नाई. गातो. शेवटच्या कडव्यात तिचं नाव घेतो." हे एवढं वाक्य समजायला मला तीनदा विचारावं लागलं.

भर दुपारची वेळ, मंडप गच्च. आनंदाबाई बायकांत बसलेली. खंजिरी अजून तशीच पक्की होती, पण तोंडातून शब्द निघत नव्हते, नुसता घोळ. पुढची पोरं हसायला लागली. कुणीतरी म्हणालं, "पिऊन आला वाटते." शेवटचं कडवं आलं. रूपरावनं डोळे मिटले आणि नाव घेतलं. "आं... ई..." पुढे काही नाही. पुन्हा घेतलं. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा ओठाच्या कोपऱ्यातून रक्त आलं. एवढा लाचार माणूस मी पाहिला नाही, आणि तो माझा मित्र होता.

आनंदाबाई उठली. बायकांमधून वाट काढत आली आणि त्याच्या मागे, आपल्या जुन्या जागी बसली. "घे दादा. मी हावो."

त्यानं घेतलं, "आ..." आणि दम तुटला. जिथे तुटला तिथूनच तिनं ओळ उचलली. अकरा वर्षांनी, पण सांधा दिसला नाही. हेल काढून तिनं म्हटलं,

"रूऽऽपा म्हणे, जे माझं नाही, त्याले माझं म्हणू का?"

मंडप टाळ्यांनी दणाणला. तिचा हात तोंडावर गेला. रूपराव दोन्ही हात हलवून नाही, नाही म्हणत होता. लोकांना वाटलं, केवढी ही नम्रता! संयोजकांनी शाल आणली. या वेळी मी उठलो. माईक ओढून घेतला आणि ओरडलो, "हे भजन आनंदाबाईचं आहे! सगळीच तिची आहेत!"

संयोजक हसले. "काय जी धनंजयभाऊ! बाई खुद 'रूपा म्हणे' म्हणून राह्यली, अन् तुम्ही काऊन मधात पडता?"

शाल त्याच्याच खांद्यावर पडली.

परतताना गाडीत तिनं भावाचा हात सोडला नाही. मी विचारलं, "बाई, असं कसं झालं?" ती म्हणाली, "सव्वीस वर्सं तेच म्हणलं जी भाऊ. माह्यं नाव माह्याच तोंडी कधी आलं नाई." मग हुंदके देऊन रडली. रूपराव खिडकीला डोकं आपटत होता. मागे बसलेल्या समीक्षानं डोकं आणि काच यांच्या मधे आपला हात धरला.

बुधवारी जबडा गेला, जीभ गेली. आनंदाबाई आता भावाकडेच राहते, त्याला नळीनं भरवते. रूपरावला लिहिता येतं. त्यानं कागदावर लिहून दिलंही, पण ते वाचून लोक म्हणतात, बहीण सेवा करते म्हणून माया आली असेल. भजनं रूपाचीच, आष्टीत बहिणीनंच तर म्हटलं.

तरी कुणी भेटायला आलं की तो तिच्याकडे बोट दाखवतो, मग आपल्या गळ्याकडे, मग पुन्हा तिच्याकडे. घायकुतीला येतो, डोळ्यांतून पाणी वाहतं. पाहुणा म्हणतो, "पाणी मांगून राह्यला वाटते."

आनंदाबाई उठते आणि पाणी आणते.