रेघेखालचा निळा रंग

नदीचं पाणी उद्यापर्यंत किती चढेल, त्याची रेघ मी ऑफिसात कॉम्प्युटरवर काढत होतो. साहेब म्हणाले, "नुसती रेघ काय दाखवतोस? खाली रंग भर की!" मी त्यांच्याच घोगऱ्या आवाजात "भरतो, भरतो" म्हणालो. सगळे हसले.

रेघेखाली निळा रंग भरला आणि माझंच हसू आटलं. सकाळपासून ती नुसती रेघ होती. आता ते पाणी झालं. पुलापाशी आमची गल्ली जेवढ्या उंचीवर आहे, तिथेही निळंच होतं.

मी घरी फोन लावला. "आई, कपडे भर, मावशीकडे जा. आत्ता!"

"आज कुणाची नक्कल रे? काय मस्त थरथरतोय आवाज!"

"आई, हा माझाच आहे."