ट्रेड शो आणि आम्ही बाहेरचे

लोणावळ्याची आमच्या वेळची माणसं आता कुठं भेटली, की आधी एकमेकांच्या गुडघ्यांची चौकशी होते. मग कोण कोण गेलं, ते होतं. आणि मग कुणीतरी हळूच म्हणतं, "वसंता, तो गणपतच्या कोटाचा किस्सा सांग ना!" एक सांगितला की त्याचं बोट धरून दुसरा येतो. मी हे किस्से मुद्दाम कधी जमवले नाहीत. कपाटामागं धूळ साठते तसे ते आपोआप साठत गेले. आता कपाट हलवलं की उडतात!

मी तेव्हा लोणावळा स्टेशनच्या पार्सल ऑफिसात क्लार्क होतो. गणपत केदारी शेजारच्या वळवण गावचा, इंजिन शेडमध्ये फिटर. नेमीशेठचं बाजारात चिक्कीचं दुकान. तिघांची जात वेगळी, बोली वेगळी, पगारपाणी वेगळं. वेड मात्र एकच. सिनेमा!

आणि या वेडाला लोणावळ्यात एक मोठंच दुखणं होतं. त्याचं नाव ट्रेड शो.

म्हणजे असं, की निर्मात्यानं पिक्चर तयार केलं, की ते थेटरांत लागण्याआधी डिस्ट्रिब्यूटर लोकांना दाखवायचं. त्यांना आवडलं तर ते विकत घेणार. मुंबईच्या गर्दीत दाखवण्यापेक्षा काही निर्माते या मंडळींना गाड्यांत घालून लोणावळ्याला आणायचे. हवा थंड, हॉटेलात जेवण, येताजाता चिक्की! आमचं एकुलतं एक टॉकीज सकाळपुरतं भाड्यानं घ्यायचे. दारावर पाटी लागायची, "आजचा सकाळचा खेळ खाजगी आहे." पाटीखाली मॅनेजर जोगळेकर हाताची घडी घालून उभा.

म्हणजे मुंबईच्याही आधी पिक्चर आमच्या गावात यायचं, आणि ते बघायचे परगावचे! नंतर ते मुंबईत लागायचं, पुण्यात लागायचं, आणि पार झिजून, रेघोट्या पडून, वर्षभरानं आमच्याकडं यायचं. आपल्याच विहिरीचं पाणी शेवटी आपल्याला मिळावं, तेही गढूळ! राग येणार नाही तर काय होणार?

* * *

एकदा अशाच एका ट्रेड शोच्या फिल्मचे डबे पार्सल ऑफिसात आले. निर्मात्याचा माणूस ते न्यायला तासाभरानं येणार होता. मी शेडमध्ये नुसता निरोप धाडला, "आलंय." गणपत ग्रीसचे हात पुसत धावतच आला. मागोमाग नेमीशेठ.

तिघं आम्ही त्या पत्र्याच्या गोल डब्यांभोवती उभे. ज्या पिक्चरचा नुसता फोटो आम्ही मासिकात पाहिला होता, ते सबंध पिक्चर इथं, आमच्या तागाच्या गोण्यांशेजारी! नेमीशेठनं तर चपला काढल्या.

गणपतनं सगळ्यात वरच्या डब्याला कान लावला. बराच वेळ.

मी विचारलं, "काय रे, काय ऐकू येतंय?"

गणपत गंभीरपणे म्हणाला, "गानं आजून सुरू न्हाई झालं."

* * *

आत घेत नाहीत, तर निदान ऐकायला कोण अडवतंय? टॉकीजच्या मागच्या बाजूला पाण्याची टाकी होती. तिच्यावर बसलं की पत्र्याच्या भिंतीतून सगळं ऐकू यायचं. एका रविवारी आम्ही तिघांनी असं एक अख्खं पिक्चर कानांनी पाहिलं. नायिका हसली, सासू ओरडली, गाणी झाली. आणि शेवटाकडं अचानक "धाड्!" असा मोठा आवाज. मग एकदम शांतता. आणि मग बाईचं रडणं.

गोळी लागली! पण कुणाला?

नेमीशेठ म्हणे नायकाला. गणपत म्हणे, "येडा का काय? हीरो मेला तर पिच्चर चालंल का? सासऱ्याला मारलाय." माझं मत, की नायकाच्या भावानं स्वतःवरच झाडून घेतली. या एका गोळीवरून आमच्यात इतकी भांडणं झाली, की गणपतनं नेमीशेठच्या दुकानाची पायरी चढणं सोडलं. दिवाळीलाही आला नाही! मी दोघांत निरोप्याचं काम करायचो, आणि दोघंही मला सांगायचे, की तू तर गप्पच बस.

वर्षभरानं पिक्चर आमच्याकडं लागलं. पहिल्याच खेळाला तिघं तीन टोकांना बसलो. शेवट जवळ आला. नायक मोटारीतून नायिकेला भेटायला निघाला. आम्ही श्वास रोखले.

"धाड्!"

मोटारीचा टायर फुटला होता! उशीर झाला म्हणून ती बिचारी रडत होती.

थेटरात सगळे हळहळत होते, आणि तीन कोपऱ्यांतून तीन माणसं पोट धरून हसत होती. बाहेर आल्यावर गणपत सरळ नेमीशेठकडं गेला आणि म्हणाला, "शेठ, चिक्की द्या. शेंगदान्याची."

* * *

चिक्कीवरून आठवलं. एका ट्रेड शोला नेमीशेठला इंटरव्हलच्या चिक्कीची ऑर्डर मिळाली. काय त्याचा तोरा! पांढरं धोतर, नवी टोपी. आम्हाला म्हणाला, "तुम्ही बसा टाकीवर. मी आतून येऊन सांगतो."

निर्माता मोठा घाबरट माणूस होता. त्याला वाटलं, पाहुण्यांची तोंडं गोड राहू देत. म्हणून इंटरव्हलची चिक्की त्यानं थोडी राखून ठेवली आणि पिक्चर संपतासंपता पुन्हा फिरवली. नेमीशेठनं त्या दिवशी खास गूळ जरा जास्तच आटवला होता. पावसाळी हवा. चिक्की अशी चिवट झाली, की विचारू नका.

पिक्चर संपलं. दिवे लागले. निर्माता पुढं येऊन हात जोडून उभा राहिला. "कहिए साहब, कैसी लगी?"

कुणीच बोलेना! पहिली रांग गप्प. दुसरी रांग गप्प. सगळ्यांचे वरचे-खालचे जबडे चिकटलेले. एका गृहस्थानं नुसता हात हलवला. तो "थांबा" म्हणत होता, निर्मात्याला वाटलं "नको" म्हणतोय! तो मटकन खुर्चीत बसला आणि रडायलाच लागला.

शेवटी कुणीतरी पाणी पिऊन जबडा सोडवला आणि म्हणाला, "अरे भाई, पिक्चर अच्छी है! ये मिठाई कौन लाया?"

नेमीशेठ तोपर्यंत बाजारात पोचला होता. आम्ही विचारलं, "शेठ, पिक्चर कसं होतं?"

"चिकट," तो म्हणाला.

* * *

कधीकधी ट्रेड शो टॉकीजऐवजी एखाद्या शेठच्या बंगल्यात व्हायचा. दिवाणखान्यात पडदा लावून. तिथं तर टाकीही नाही! पण एकदा गणपतची आई, आमची हौसामावशी, त्याच बंगल्यावर दूध घालायला गेली. चहाला दूध कमी पडायला नको म्हणून खानसाम्यानं तिला थांबवून घेतलं आणि दारापाशी पाट दिला. मावशीनं सबंध पिक्चर पाहिलं! जे मिळावं म्हणून आम्ही जंग जंग पछाडलं, ते तिला दुधाच्या किटलीबरोबर मिळालं.

संध्याकाळी आम्ही तिघं वळवणला तिच्या ओसरीवर हजर.

"मावशी, सांगा! काय होतं पिक्चर?"

"आरं काय सांगू बाबा," मावशी भाकरी थापत म्हणाली, "लय वाईट वाटलं."

आम्ही पुढं सरकलो. "का? कोण मेलं?"

"कोन न्हाई मेलं. पर एवढं मोठं घर, चांगली ताटं वाढल्याली, वर तूप. तेवढ्यात त्यो दाढीवाला आला आन् कायबाय बोलला. झालं! बाई रडत आत गेली, बाप्या भायेर गेला. ताटं तशीच!"

"मग? पुढं?"

"म्होरं काय ठावं न्हाई. माजं ध्यान ताटाकडंच. शेवटपातुर कुनी जेवलंच न्हाई!"

गणपत डोकं धरून म्हणाला, "आये, गानी कसली व्हती?"

"व्हती की. पर उपाशीपोटी म्हनली सारी."

* * *

आता तो कोटाचा किस्सा. टाकीला कंटाळून एक दिवस गणपत म्हणाला, "वसंता, तुजा लगनातला कोट दे." मी दिला. नेमीशेठनं टोपी दिली आणि एक जाड चष्मा. त्या चष्म्यातून गणपतला काहीच दिसत नव्हतं, त्यामुळं तो फार विचारी माणूस वाटायला लागला.

ट्रेड शोच्या दिवशी पाहुण्यांच्या गाड्या आल्या. त्या घोळक्यात शिरून गणपत रुबाबात दारातून आत! जोगळेकरनं चक्क मान लववली. आम्ही टाकीवर बसून कान भिंतीला लावले.

आत एक शेठ त्याच्या शेजारी बसला. "आप कौनसी टेरिटरी?"

म्हणजे तुमचा धंदा कुठल्या मुलुखात? गणपतला शब्द नवा होता, पण रोख कळला. छाती काढून त्यानं लोणावळ्याभोवतीची तीन खोरी सांगून टाकली, "नाणे मावळ, पवन मावळ, आंदर मावळ!"

"तीन तीन टेरिटरी?" शेठनं उठून स्वतःची गादीची खुर्ची त्याला दिली. सिगारेट पुढं केली. दुसऱ्यानं कार्ड दिलं. गणपत राजासारखा बसला, आणि त्यानं चष्मा कपाळावर सारून सवयीनं पाय पुढं पसरले.

दिवे मालवले. पडद्यावर सेन्सॉरचं सर्टिफिकेट आलं. त्या पांढऱ्या उजेडात जोगळेकरला दिसले ते शेडमधले बूट, घोट्यापर्यंत ग्रीस! कॉलर धरून त्यानं गणपतला बाहेर काढलं.

आम्ही धावलो. मला वाटलं, बिचारा खट्टू झाला असेल. गणपतचा चेहरा तर उजळलेला!

"वाचलं रं!" तो म्हणाला. "समदं सर्टिफिकेट वाचलं! कोरं करकरीत! येक सुदिक रेघोटी न्हाई!"

* * *

आणि मग तो दिवस. पावसाळा होता. घाटात दरड कोसळली. रस्ता बंद, रेल्वे बंद. पार्सल ऑफिसात मला काम नव्हतं, आणि बाजारात गिऱ्हाईक नव्हतं. गणपत रात्रपाळी करून शेडमधून सुटला होता, पण घरी गेला नव्हता. आम्ही तिघं टॉकीजसमोर चहा पीत उभे. दारावर नेहमीची पाटी. आज ट्रेड शो होता.

निर्माते सबनीस नावाचे वयस्कर गृहस्थ. पिक्चरचे डबे घेऊन बायकोसह आदल्या दिवशीच आलेले. पाहुणे मात्र त्या सकाळी मुंबईहून निघालेले, ते सगळे दरडीपलीकडं अडकले. दारात टेबलावर हार मांडून ठेवलेले. सबनीसबाईंनी स्वतः केलेल्या करंज्या डब्यात झाकलेल्या. सबनीस दर दोन मिनिटांनी रस्त्यापर्यंत यायचे, खंडाळ्याच्या दिशेनं बघायचे आणि परत जायचे.

शेवटी जोगळेकर त्यांना म्हणाला, "साहेब, आता कोणी यायचं नाही. बंद करू का?"

सबनीसांनी आमच्याकडं पाहिलं. "ही मंडळी कोण आहेत?"

जोगळेकर घुटमळला. "ही... इथलीच आहेत."

"मग यांना बोलवा. निदान कुणीतरी बघू दे."

आम्हाला खरंच वाटेना. आत गेलो. पांढऱ्या अभ्र्यांच्या खुर्च्या. सबनीसबाईंनी प्रत्येकाच्या गळ्यात हार घातला. चहाचं दूध घेऊन हौसामावशी आली होती, तिलाही घातला. गणपत खुर्चीजवळ उभाच राहिला. "हितं बसू?" त्यानं विचारलं.

"बसा ना," सबनीस म्हणाले. "तुमच्यासाठीच आहे."

पिक्चर मराठी होतं, अगदी साधं. एक म्हातारा नावाडी आणि त्याची सासरी गेलेली मुलगी. मारामारी नाही, नाच नाही. नेमीशेठ इंटरव्हलनंतर पेंगला. शेवटी ती मुलगी नदीच्या पैलतीरावर येऊन उभी राहते. म्हातारा अलीकडं नाव बांधत असतो. धुकं असतं. तिथंच पिक्चर संपतं.

ते पिक्चर पुढं कुठल्याच थेटरात लागलं नाही. मी पुष्कळ वर्षं पेपरात जाहिराती बघत होतो.

दिवे लागले. सबनीस पडद्यापाशी उभे होते, शाळेत फळ्यापाशी उभं करावं तसे. "कसं वाटलं?"

नेमीशेठ दचकून जागा झाला. "फोटो एकदम स्वच्छ!" मी "छान" म्हणालो. मावशीनं डोळ्यांना पदर लावून विचारलं, "पोरीनं हाळी का न्हाई दिली, साहेब?"

"ते मलाही कळलं नाही, मावशी," सबनीस म्हणाले.

राहिला गणपत. तो मान खाली घालून बसला होता. डोळे लाल झालेले. रात्रपाळीनं म्हणावेत, तर तसेही वाटत नव्हते. सबनीस त्याच्यापुढं येऊन थांबले.

जोगळेकर म्हणाला, "गणपत, ऊठ. खेळ संपला."

गणपत उठला नाही. त्यानं गळ्यातला हार नीट केला आणि रिकाम्या पडद्याकडं बघत म्हणाला,

"साहेब, पुन्यांदा लावा."

सबनीसांनी जोगळेकरकडं पाहिलं. जोगळेकरनं ऑपरेटरला वर खूण केली, बाहेरचं दार आतून लावून घेतलं आणि आमच्याच रांगेत येऊन बसला.