कोरडे आटे

सहदेवचा दिवस पहाटे साडेतीनला सुरू व्हायचा. जॉर्डनमधल्या निर्वासितांच्या छावणीत ऊन चढायच्या आत पाइप जोडून व्हावे लागत. तेल्हाऱ्याचा हा प्लंबर आट्यांवर आधी सुतळी गुंडाळी, मग सफेदा चोपडी, मगच पाना लावी. घाईचा जोड त्यानं कधी केला नव्हता.

मुकादम होता गोवर्धन, त्याच्याच गावचा. निघताना दोघांनी महादेवाच्या देवळात बेलभंडार उचलला होता, परमुलखात एकमेकाला सोडायचं नाही म्हणून. हाताखाली होता यासीन, लढाईत घरदार गेलेला सीरियाचा शेतकरी. सहदेवनं मोडक्यातोडक्या भाषेत त्याला ती शपथ सांगितली. यासीननं आपली रोटी मोडली, मिठाला लावली आणि अर्धी पुढं केली. आमच्यात एवढ्यावर भागतं, म्हणाला.

मग सहदेव तापानं पडला. दोन दिवस गोवर्धननंच जोड केले आणि वर सहदेवची हजेरीही लावली. तुही रोजी कावून बुडू देऊ, म्हणाला. सहदेवला केवढं बरं वाटलं.

आठवड्यानं त्यातला एक जोड सुटला. पन्नास तंबूंत चिखल झाला. साहेबानं विचारताच गोवर्धननं सहदेवचं नाव सांगितलं आणि हजेरीचं पुस्तक उघडून दाखवलं.

खणून पाहिलं तर आटे कोरडे. सुतळीचा धागा नाही. न विचारता यासीन पुढं आला. हा हात सहदेवचा नव्हे, त्या दिवशी तो माझ्या तंबूत होता, कपाळावर ओल्या पट्ट्या मीच ठेवत होतो, असं त्यानं साहेबाला सांगितलं. साहेबानं पुस्तकाकडं बोट दाखवलं. सहदेवला घरी धाडायचं ठरलं. मध्ये तोंड घातलं म्हणून यासीनचं काम त्याच जागी बंद झालं.

सहदेव सामान बांधत असताना गोवर्धन दाराशी आला. "माहं बी घर हाये, सहदेव. तू समजून घे."

"माहं काय धर्मशाळा हाये? बेल तू उचलला होता, गोवर्धन. यासीननं नाही."

सहदेवनं पिशवीची गाठ आवळली, दोनदा.

शेवटच्या पगारातून परतीचं तिकीट कापलं गेलं. उरलं त्यात एक पाना आला, चौदा इंची, यासीनसाठी.