बोटीवरचा अनुमोदक

मूकबधिर मुलांच्या शाळेची मी सेक्रेटरी झाले ती माझ्या अक्षरामुळे. मी रत्नागिरीच्या पोस्टात काउंटरवर होते. शाळा चालवणाऱ्या संस्थेचे अध्यक्ष डॉक्टर होते. एकदा रजिस्टरची पावती हातात घेऊन ते म्हणाले, ''असं अक्षर आमच्या प्रोसिडिंग बुकात हवं.'' वर्षभरात मी कार्यकारिणीवर होते. ही १९९९ च्या आसपासची गोष्ट.

डॉक्टर माणूस चांगला. शाळा त्यांनी स्वतःच्या घराच्या पडवीत सुरू केली होती. पुढे एस्टी स्टँडजवळ दोन खोल्या मिळाल्या. पण मीटिंग म्हटलं की त्यांच्या कपाळाला आठी पडायची. ''मीटिंगा घेऊन पोरं बोलायला लागणार आहेत का?'' म्हणायचे. मग पद्धत अशी पडली, की ते दवाखान्यात मला ठराव सांगायचे, मी वहीत उतरवायचे आणि शिपाई वही घेऊन सभासदांच्या घरोघर सह्या आणायचा. सूचक आणि अनुमोदकाची नावंही डॉक्टरच सांगायचे. आधीच्या सेक्रेटरींनीही असंच केलं होतं. मला त्यात वावगं दिसलं नाही. खरं सांगायचं तर मला ते सोयीचंच होतं.

एका उन्हाळ्यात गावाबाहेर, खाडीपलीकडच्या भाट्याला एका दात्याने संस्थेला जागा देऊ केली. मोकळी हवा, मोठं आवार. डॉक्टर खूश झाले. जूनपासून शाळा तिथे न्यायची असा ठराव मी लिहिला, 'सर्वानुमते मंजूर' असं खाली सुरेख अक्षरात. अनुमोदक म्हणून डॉक्टरांनी बंदरावरच्या मोहल्ल्यातल्या एका सभासदाचं नाव सांगितलं. हे गृहस्थ मालवाहू बोटीवर फिटर होते, वर्षातले आठ-नऊ महिने समुद्रावर. त्यांची पुतणी आमच्या शाळेत होती, म्हणून कार्यकारिणीवर घेतलेले. त्यांची सही नंतर घेऊ, असं ठरलं. ठरावाची नक्कल शाळेच्या दाराला लागली.

चार दिवसांनी त्यांची बायको पोस्टात आली. तिकीट-पाकीट काही नको होतं तिला. माझ्यासमोरची रांग संपेपर्यंत बाजूला उभी राहिली.

''बाई, आमचे कधी आले होते मीटिंगला?''

मी हातातला शिक्का खाली ठेवला.

''ते सिंगापूरला आहेत. आणि दारावर त्यांचं नाव. मोहल्ल्यातल्या बाया मला विचारतात, तुझ्या नवऱ्याने आमच्या पोरांना भाट्याला कसं काय धाडलं? मी काय सांगू?''

''भाभी, चूक झाली,'' मी म्हणाले.

''कोणाची?'' तिने विचारलं. रागाने नाही, खरंच माहिती हवी असल्यासारखं. तिच्यामागे पुन्हा रांग लागली आणि ती गेली. त्या दिवशी मी दोन मनिऑर्डरी चुकीच्या पिशवीत टाकल्या. सहकाऱ्याने वेळेवर काढल्या म्हणून बरं.

संध्याकाळी दवाखान्यात गेले. डॉक्टर म्हणाले, ''तो परत आला की सही करेल. नाही कशाला म्हणेल?'' मी म्हटलं, ''मला खरी मीटिंग बोलवायची आहे. पालकांनाही बोलवू.'' त्यांनी हात झटकला. ''बोलवा. चहा सांगा म्हणजे झालं.''

मी प्रत्येक सभासदाला मीटिंगच्या आठ दिवस आधी अजेंडा पोस्टाने पाठवला. एक निवृत्त वकील आमचे सभासद होते, माझ्या घरापासून तिसऱ्या घरात राहायचे. ते हसत सुटले. ''शेजारी राहतेस आणि पत्र टाकतेस?'' पण अजेंडा त्यांनी लाल पेन्सिलीने खुणा करत वाचला. तेवढ्यात बोटवालेही रजेवर आले.

रविवारी शाळेतल्या छोट्या बाकांवर आम्ही नऊ जण गुडघे आखडून बसलो. मागे पालक. मी उभी राहिले आणि सांगितलं, की भाट्याचा ठराव कुठल्याही सभेत झालेला नाही, तो मी दवाखान्यात बसून लिहिला.

डॉक्टर लाल झाले. ''सगळ्यांसमोर मला खोटं पाडताय?''

''मीच खोटी पडतेय डॉक्टर. अक्षर माझं आहे.''

बोटवाले म्हणाले, ''मी त्या दिवशी सिंगापूरच्या पुढे होतो. एवढा लांब हात वर केला असेल तर मलाच माहीत नाही.'' कुणीतरी हसलं. डॉक्टर हसले नाहीत.

मग लांज्याची एक आई बोलली. तिथल्या दोघी आया पाळीपाळीने दोन्ही मुलांना एस्टीने आणायच्या आणि शाळा सुटेपर्यंत स्टँडवर थांबायच्या. जिची पाळी नसेल ती काजू सोलायला जायची. ''भाट्याहून परत स्टँडवर यायचं तर आमची साडेचारची गाडी चुकते,'' ती म्हणाली. ''मग घरी पोचायला रात्र होते. आम्ही मुलांना शाळेतून काढणार होतो.''

डॉक्टरांनी बाकाच्या कडेवरून अंगठा फिरवला. मग म्हणाले, ''हे मला कोणी सांगितलं नव्हतं.''

''विचारलं कुठे कुणी?'' ती म्हणाली.

मी ते पान फाडून टाकायला निघाले होते. वकिलांनी अडवलं. ''पान तसंच राहू दे. खाली नवा ठराव लिही, आधीचा का रद्द होतोय तेही लिही. लोकांनी वाचायला हवं.'' हात वर करून मतं झाली. शाळा स्टँडजवळच राहणार, भाट्याची जागा मैदान आणि सुतारकामाच्या वर्गासाठी, तिथे आठवड्यातून एकदा मुलांना रिक्षाने न्यायचं. डॉक्टरांनी विरोधात हात वर केला. मी तेही लिहिलं.

पुढे पाच-सहा महिने ते माझ्याशी कामापुरतंच बोलत. मला वाईट वाटायचं, कारण माझ्या मुलाच्या तापात उशाशी बसलेला माणूस तो. पण पुढच्या निवडणुकीत त्यांनी स्वतःच सांगितलं, ''मला आता उभं करू नका. वीस वर्षं झाली.'' त्यांच्या जागी वकील आले आणि कार्यकारिणीत दोन जागा पालकांना मिळाल्या. एक लांज्याच्या त्या बाईला. पहिल्या मीटिंगला तिला यायला अर्धा तास उशीर झाला, गाडी वाटेत हातखंब्याला बंद पडली होती. कोरम भरला होता, तरी आम्ही थांबलो. आल्या आल्या तिने पाणी मागितलं, पदराने तोंड पुसलं आणि विचारलं, ''कुठपर्यंत आलात?''