विद्युलतेचा संशय

अंबत्तूरच्या एका कारखान्यात विद्युलता ब्रेकचे सुटे भाग तपासायची. लग्न होऊन नाशिकहून चेन्नईला आली त्याला चार वर्षं झाली होती. केसाएवढी चीरही तिच्या नजरेतून सुटत नसे. सुपरवायझर मुरली म्हणायचा, "या बाईचा देवावरसुद्धा भरवसा नाही."

फेब्रुवारीत तिच्या अंगावरून पांढरं जाऊ लागलं. पातळ, आणि त्याला माशासारखा वास. नवऱ्याजवळ गेल्यावर तर वास आणखीच वाढे. तिथंच तिच्या मनात पाल चुकचुकली. हेरंब इरुंगाट्टुकोट्टैच्या कंपनीत होता, आठवड्यातून दोनदा उशिरा यायचा. कामावरची हेमलता एकदा बोलून गेली होती, "असली दुखणी पुरुष बाहेरून आणतात."

विद्युलतेनं त्याचे खिसे तपासले, फोन चाळला. काही सापडलं नाही. सापडत नाही म्हणजे गडी पक्का आहे, असं तिनं ठरवून टाकलं.

ती अंथरुणात पाठ फिरवून झोपू लागली. दिवसातून दोन वेळा पाण्यात जंतुनाशक घालून आतून धुवायची. वास दोन दिवस जाई, मग दुपटीनं येई. वास कुणाला येऊ नये म्हणून कामावर डबा ती एकटीच एका कोपऱ्यात खाऊ लागली.

मे महिन्यात ती डॉक्टर चंद्रिकांकडे गेली. त्यांनी तपासलं, स्राव काचेवर घेतला आणि तिला कळेल अशा सावकाश तमिळमध्ये विचारलं, "आतून धुता?"

"रोज. स्वच्छता नको का?"

"तेच थांबवा. आत राखण करणारे चांगले जंतू असतात, ते धुऊन जातात आणि दुसरे माजतात. बऱ्याच बायकांना होतं हे. सात दिवस गोळ्या घ्या."

"नवऱ्यामुळे झालंय ना?"

"यावरून नवऱ्यानं काही केलंय असं ठरत नाही."

ही डॉक्टर माझा संसार सावरायला खोटं बोलतेय, असं विद्युलतेला वाटलं. तिनं हट्टानं संबंधांतून लागणाऱ्या बाकीच्या रोगांच्या तपासण्याही करून घेतल्या. सगळ्या निर्दोष आल्या. तो कागद तिनं तीनदा वाचला.

त्या संध्याकाळी तिनं हेरंबला सगळं सांगितलं, खिसे तपासल्याचंसुद्धा.

"तीन महिने तू जवळ येत नव्हतीस," तो म्हणाला. "मला वाटलं, तुझंच कुणीतरी आहे."

"मग विचारलं का नाहीस?"

"तू तरी कुठं विचारलंस?"

गोळ्यांनी आठवड्यात बरं वाटलं. ऑगस्टमध्ये वास परत आला, तसा तो येतो असं डॉक्टरांनी आधीच बजावलं होतं. या वेळी तिनं दुसऱ्याच दिवशी दवाखाना गाठला. हेरंब अर्धी रजा टाकून सोबत आला आणि बायकांच्या रांगेत, बाकावर, मान खाली घालून तिच्याशेजारी बसून राहिला.