सगोत्र क्वार्टरबॅक

अमेरिकेतल्या आमच्या अर्विंग गावातल्या कुठल्याही मराठी कार्यक्रमात त्र्यंबक देवस्थळी हॉलच्या एका दाराने आत आले, की लग्नाच्या वयाची सगळी मुलंमुली दुसऱ्या दाराने पार्किंग लॉटमध्ये जात. यात देवस्थळी काकांचा काही दोष नव्हता. टेलिफोन कंपनीतली नोकरी सांभाळून हा माणूस वर्षानुवर्षं मंडळाचं वधूवर सूचक खातं चालवत होता. ज्याच्या आडनावातच स्थळ आहे, त्याने दुसरं करायचं तरी काय? पण मुलामुलींना त्यांचं नुसतं ‘काय म्हणतेस?’ ऐकलं तरी पुढे एखादा न्यू जर्सीचा इंजिनियर येणार अशी धास्ती वाटे. बिचारे काका वाटीभर श्रीखंड हातात घेऊन रिकाम्या कोपऱ्यात उभे असत.

पुढे मुलंमुली फोनवरच एकमेकांना पसंत करू लागली आणि खातं बंद पडलं. काका रिटायर झाले. किराणा दुकानात एकेक भेंडी टोक मोडून पाहण्यात सकाळ काढू लागले. अशात त्यांच्या मुलाची, अमेयची, सिॲटलला बदली झाली आणि आमच्या फँटसी फुटबॉल लीगमधली त्याची जागा रिकामी झाली. काकांनी ती वारसाहक्काने मागितली.

आमची लीग म्हणजे इथे जन्मलेली आठ मराठी मुलं, अधिक माझ्यासारखे दोन हौशी प्रौढ. ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांना थोडक्यात सांगतो. फुटबॉल म्हणजे अमेरिकन, हातात धरून पळायचा. मोसम सुरू होण्याआधी आम्ही सगळे जमतो आणि पाळीपाळीने खरे खेळाडू निवडून आपापली कागदी टीम बनवतो. याला ड्राफ्ट म्हणतात. एकाने घेतलेला खेळाडू दुसऱ्याला मिळत नाही. मग दर रविवारी ते धिप्पाड लोक खऱ्या मैदानात एकमेकांची हाडं मोडतात, आणि त्यांच्या कामगिरीचे गुण घरी सोफ्यावर बसून चिवडा खाणाऱ्या आम्हाला मिळतात. कष्ट दुसऱ्याचे आणि अभिमान आपला, असा हा खेळ असल्यामुळे तो मराठी माणसाला चटकन जमतो.

लीगची कमिशनर रुही. ती लहान मुलांची दंतवैद्य आहे, त्यामुळे रडारड, चावाचावी वगैरेला ती घाबरत नाही. तिने काकांना जागा दिली, पण नियम सांगूनच. लीगमध्ये यायला बाहेर अनिका नावाची मुलगी केव्हाची थांबलेली होती. म्हणून जो मोसमात शेवटचा येईल, त्याने जागा सोडायची. काकांनी मान डोलावली. त्यांना वाटलं, शेवटचं कशाला कोण येतंय.

ड्राफ्ट ऑगस्टच्या अखेरीस रुहीच्या घरी झाला. काका इस्त्रीचा सदरा घालून आले आणि पहिल्या तासाभरातच सगळ्यांचे लाडके झाले. निवड करायला प्रत्येकाला दीड मिनिट मिळतं. काका दर वेळी ‘घरी विचारून सांगतो’ म्हणत. खेळाडूंना ते ‘स्थळ’ म्हणत. एका आडदांड खेळाडूच्या फोटोकडे बघून त्यांनी ‘नाकीडोळी नीटस आहे’ असा शेरा मारला तेव्हा मुलं गालिच्यावर लोळली. एरवी त्यांना बघून पार्किंग लॉट गाठणारी हीच मुलं आता ‘काका, इकडे बसा’ म्हणत त्यांच्यासाठी सोफ्यावर जागा करत होती. काकांचा चेहरा असा उजळला होता की मला रुहीच्या घरातले दिवे मंद वाटायला लागले.

या हर्षाच्या भरातच काकांच्या हातून तो ऐतिहासिक प्रमाद घडला.

त्याचं असं आहे, की क्वार्टरबॅक म्हणजे चेंडू फेकणारा, आणि रिसीव्हर म्हणजे तो झेलणारा. फेकण्याचेही गुण मिळतात, झेलण्याचेही. म्हणून शहाणा माणूस एखाद्या टीमचा क्वार्टरबॅक घेतला, की जमल्यास त्याच टीमचा रिसीव्हरही पटकावतो. एकच चेंडू, पण गुण दोन्हीकडून आपल्यालाच. काकांनी सुरुवातीलाच उत्तरेकडच्या एका बर्फाळ शहराचा जबरदस्त क्वार्टरबॅक घेतला. त्यांची पुढची पाळी आली तेव्हा त्याचा जन्माचा जोडीदार, त्याच टीमचा रिसीव्हर, अजून शिल्लक होता. काकांनी चष्मा पुसला आणि मायामीचा रिसीव्हर घेतला.

काकांच्या नंतरची पाळी देवांगची. हा पंचविशी ओलांडलेला वकील, वादात आणि जेवणात कधी मागे न हटणारा. त्याने काकांचं वाक्य संपायच्या आत तो सोडलेला रिसीव्हर उचलला आणि मग सभ्यपणे विचारलं, “काका, नो ऑफेन्स, पण व्हाय?”

“अरे, दोघं एकाच टीमचे,” काका म्हणाले. “म्हणजे सगोत्र झाले. मी आयुष्यात सगोत्र लग्न जमवलेलं नाही.”

देवांगला गोत्र म्हणजे काय ते माहीत नव्हतं. रुहीने त्याला इंग्रजीत समजावलं, तेव्हा त्याने आकाशाकडे बघून काकांच्या सर्व पूर्वजांचे आभार मानले.

काकांनी मात्र संपूर्ण टीम याच तत्त्वावर उभी केली. तापट क्वार्टरबॅकला थंड डोक्याचा रिसीव्हर, उत्तरेच्याला दक्षिणेचा, उंचाला ठेंगणा. वधूवर मेळाव्याच्या दृष्टीने अशी आदर्श टीम अमेरिकेत दुसरी नव्हती. फक्त त्यातला एकही माणूस दुसऱ्या कुणाकडे चेंडू फेकत नव्हता.

मोसम सुरू झाला आणि काकांचे हाल सुरू झाले. त्यांचा क्वार्टरबॅक सुरेख खेळे. पण तो जे जे फेकी, ते ते देवांगचा रिसीव्हर झेली. देवांगशी सामना होता त्या रविवारी तर क्वार्टरबॅकने तीन टचडाऊन, म्हणजे या खेळातले गोल, फेकले आणि तिन्ही त्या रिसीव्हरच्याच हातात. काका दर वेळी आनंदाने उठत आणि अर्ध्यात बसत. पंगतीत वाढतोय आपला मुलगा आणि जेवतोय देवांग, असं चाललं होतं. ऑक्टोबरमध्ये काका तक्त्यात तळाला गेले. अनिका आपल्याला अभिनंदनाचे निरोप यायला लागलेत, असं सगळ्यांना सांगत सुटली.

काका थट्टेला कमी पडले नाहीत, पण त्यांनी चिवडा खाणं सोडलं, आणि हे लक्षण त्यांच्या पत्नीने, अहिल्या काकूंनी, बरोबर ओळखलं. काकू मूळच्या सांगलीच्या. बोलायच्या कमी; जे बोलतील ते वर्मी लागे. रविवारी ही मुलं काकांना फोन करतात, भांडतात, घरी बोलावतात, आणि ही जागा गेली तर पुन्हा भेंड्यांची टोकं मोडणं नशिबी येईल, हे त्या जाणून होत्या. एका रविवारी इस्त्री करता करता त्यांनी टीव्हीकडे पाहिलं आणि विचारलं, “अहो, हा टाकतो तो चेंडू मायामीतल्या माणसाने झेलायचा कसा? विमानाने जाऊन?”

काका म्हणाले, गोत्राचा प्रश्न आहे.

“लग्नाला गोत्र बघतात,” काकू म्हणाल्या. “हे दुकान आहे. एकाने पुडी बांधायची, दुसऱ्याने गिऱ्हाइकाला द्यायची. दोघं एका दुकानात नकोत?”

काकांनी इस्त्री केलेला सदरा तसाच, गरम, अंगात घातला.

त्याच संध्याकाळी ते भाकरवडीचा डबा घेऊन देवांगच्या दारात हजर. आमच्या खेळात अदलाबदलीला ट्रेड म्हणतात आणि सगळे तो फोनवर बोटाने करतात. कुणी मागणी घालायला घरी आल्याचा हा पहिलाच प्रसंग. काका पुढच्या खोलीत बसले, पाणी घेतलं, हवापाण्याचं बोलले. मग म्हणाले, तुमच्याकडचा रिसीव्हर हल्ली जरा उदास वाटतो. गेले दोन रविवार त्याचं लक्ष नाही. त्याला आपलं माणूस हवंय. आम्ही त्याला मुलासारखा सांभाळू. देवांग कोर्टात भल्याभल्यांना उलटतपासणीत रडवतो. पण मुलाकडची बाजू कशी परतवायची, हे त्याला लॉ स्कूलमध्ये शिकवलेलं नव्हतं. शिवाय त्याला चेंडू घेऊन पळणाऱ्यांची, रनिंग बॅकची, चणचण होती. काकांनी आपले दोन रनिंग बॅक देऊ केले. तिसरी भाकरवडी संपता संपता स्थळ पक्कं झालं.

त्यानंतर काकांच्या घरात सुख नांदू लागलं. क्वार्टरबॅक फेकी, रिसीव्हर झेली, आणि काका दोन्ही बाजूंचे आशीर्वाद घेतल्यासारखे वरवर चढू लागले. उलट देवांगकडे गेलेल्या दोघांपैकी एकाची मांडी आखडली, दुसऱ्याला त्याच्या कोचने बाकावर बसवलं, आणि देवांग जिन्यावरून भांडं पडावं तसा आवाज करत खाली येऊ लागला. तरी सुरुवातीच्या पराभवांमुळे आमच्या लीगच्या शेवटच्या आठवड्यात तळाशी दोघंच उरले, काका आणि देवांग. सामना त्यांचा एकमेकांशीच होता. हरेल त्याची जागा अनिकाला.

आणि त्या मंगळवारी देवांगचा निरोप आला: ‘काका, एन्जॉय द व्हेकेशन.’

प्रत्येक खऱ्या टीमला मोसमात एक रविवार सुट्टी असते. काकांच्या क्वार्टरबॅकची सुट्टी नेमकी याच रविवारी होती. आणि दोघं एकाच टीमचे असल्यामुळे रिसीव्हरचीही याच रविवारी. काकांनी रुहीला फोन लावला.

“बघ,” ते म्हणाले, “एकनाड निघाली. दोघं एकदम आजारी पडतात.”

“काका, ते आजारी नाहीयेत, बीचवर आहेत,” रुही म्हणाली. “आणि रूल्स म्हणजे रूल्स. जे फ्री आहेत त्यांच्यातून कोणीतरी उचला.”

फ्री म्हणजे दहा जणांपैकी कुणीच न घेतलेले. काकांच्या जुन्या भाषेत, ‘वयाने थोडे पुढे गेलेले, अटी नाहीत’. त्या यादीत एक बदली क्वार्टरबॅक होता. त्याच्या टीमच्या मुख्य क्वार्टरबॅकचा खांदा दुखावल्याने याला आयुष्यात पहिल्यांदा पूर्ण सामना खेळायला मिळणार होता. पण त्या टीमचे नावाजलेले रिसीव्हर आधीच लोकांनी घेतलेले. उरलेले तीन, तिघंही अनोळखी. मुलांनी आकडे तपासले असते. काकांनी आयुष्यभर जे केलं तेच केलं: चौकशी.

त्या टीमच्या शहरात काकांच्या ओळखीचे पुरुषोत्तम आपटे राहतात. एके काळी काकांनी त्यांच्या मेहुणीचं जमवलं होतं. आपट्यांना फुटबॉल हा चौकोनी असतो असं कुणी सांगितलं तरी पटलं असतं. पण ‘मुलगा कसा आहे, कोणाबरोबर उठतो-बसतो, एवढं जरा कानावर घाला’ हे वाक्य त्यांना पूर्ण समजलं. ते ज्या दुकानात बेगल घेतात, तिथे त्या टीमची बदली पोरं न्याहारीला येतात, हे त्यांनी पहिल्या दिवशी शोधलं. दुसऱ्या दिवशी अहवाल आला. मुलगा सालस, टिप चांगली ठेवतो. त्या तिघांतल्या तिसऱ्या रिसीव्हरबरोबर एकाच अपार्टमेंटमध्ये राहतो. गाडी दोघांत एक. सरावाला मुख्य खेळाडू पुढे असतात तेव्हा मागच्या कोपऱ्यात हे दोघं एकमेकांकडे फेकाफेकी करत असतात, असं काउंटरवरच्या बाई म्हणाल्या.

काकांनी दोघांना घेतलं. लीगच्या ग्रुपवर हसण्याच्या चेहऱ्यांचा पाऊस पडला.

रविवारी दुपारी आम्ही सगळे रुहीकडे जमलो. काका सोफ्याच्या टोकाला, काकू शेजारी, देवांग समोर. अनिकासुद्धा आली होती, नवीन जर्सी घालून. वधूपक्षाने कपडे आधीच घ्यावेत तशी. पहिला अर्धा खेळ बदली मुलगा नुसता घाबरून चेंडू लांब भिरकावत होता. देवांग पुढे गेला. काकांनी काकूंकडे पाहिलं. काकूंनी चिवड्याची वाटी पुढे केली, काकांनी ती परत सरकवली.

दुसऱ्या अर्ध्यात मात्र त्या पोराला काहीतरी सुचलं. चार धटिंगण अंगावर धावून येताहेत, अशा वेळी माणूस विचार करत नाही, ओळखीचा चेहरा शोधतो. त्याने न बघता चेंडू डावीकडे फेकला आणि तिथे त्याचा रूममेट उभा होता. मग पुन्हा. मग पुन्हा. प्रसिद्ध रिसीव्हर मैदानभर हात वर करून नाचत होते आणि हा गडी आपला घरच्या माणसालाच वाढत होता. अखेरच्या मिनिटांत कोपऱ्यातल्या टचडाऊनला रुही टेबलावर चढली. काका अर्ध्या गुणाने जिंकले.

टाळ्या झाल्या, फोटो झाले. अनिका देवांगसमोर जाऊन “सो, अबाउट युअर सीट” म्हणाली. देवांग हसला, उठला, कोट शोधू लागला. तो हसला ते वकिलाचं हसणं होतं. काकांनी अशी हसणारी माणसं पुष्कळ पाहिली होती, नकार आल्यावर फोन ठेवतानाची.

ते त्याच्या मागोमाग दारापर्यंत गेले आणि म्हणाले, पुढच्या वर्षी माझ्या टीमला पार्टनर हो.

देवांग थांबला. “काका, माझा बेस्ट माणूस तुम्ही नेला. मग मला हरवलंत. आणि आता पार्टनर?”

“मग?” काका म्हणाले. “ज्या घरची सोयरीक केली, तिथे जाणं-येणं ठेवायचं नाही का? ड्राफ्टमध्ये मी चुकतो, ते तू बघ. चौकशी मी करतो.”

रुहीने नियम उघडले. एक जागा, एक टीम, असं लिहिलं होतं. एक माणूस असं कुठे नव्हतं. मत मात्र दोघांत एकच, असं तिने बजावलं. देवांगने कोट पुन्हा खुर्चीवर टाकला आणि काकांनी वाटीसाठी हात पुढे केला, पण तोवर काकूंनी चिवडा अनिकाला देऊन टाकला होता.

तंटा नंतर सुरू झाला, तो नावावरून. देवांगला ‘अर्विंग असॅसिन्स’ हवं आहे. काकांचं म्हणणं, मारेकऱ्यांच्या घरी कोण स्थळ देईल, नाव ‘सावधान’ ठेवू. देवांग म्हणतो, ते ऐकून लोक टीम बघायच्या आधीच पळतील. दोघं दर रविवारी एका सोफ्यावर बसून यावर भांडतात, एकमेकांचं ताट भरतात आणि पुन्हा भांडतात. मत एकच असल्यामुळे ते अजून दिलं गेलेलं नाही, आणि ॲपवर त्यांच्या टीमचं नाव, ॲपने आपलं आपणच दिलेलं, ‘टीम सेव्हन’ आहे.